पितृपक्षात आणलेले कार्ड

सर्व साहित्य टेबलावर आल्याशिवाय प्रयोग सुरू करायचा नाही, हा नियम मी शाळेच्या प्रयोगशाळेत गेली अठ्ठावीस वर्षे पाळत आणि पाळायला लावत आलो आहे. बॅटरी आहे, तार आहे, पण मीटर अजून कपाटात आहे, अशा अवस्थेत ज्या मुलांनी हात चालवले, त्यांच्याकडून काहीतरी जळाले किंवा फुटले. नियम चांगला आहे. गेल्या वर्षी त्याच नियमाच्या आड बसून मी माझ्या मुलीचे नुकसान केले. ते कसे झाले, ते क्रमाने लिहितो.

माझी मुलगी तेव्हा वीस वर्षांची होती. इंदूरच्या एका महाविद्यालयात दोन वर्षे अभियांत्रिकी शिकून ती थाटीपूरच्या आमच्या सरकारी क्वार्टरमध्ये परत आली होती. ती शाखा तिने घ्यावी, हा आग्रह माझा होता. परत आल्यावर ती त्याबद्दल मला एक शब्दही बोलली नाही. भांडली असती तर निदान उत्तर देता आले असते. सकाळी उशिरा उठायची, आईला भाजी निवडून द्यायची आणि दुपारी जुन्या लॅपटॉपसमोर जाऊन बसायची. मी शाळेतून थकून यायचो. शिकवणे आता कमी आणि याद्या भरणे जास्त झाले आहे. दार उघडे असले तरी तिच्या खोलीत जाण्याइतके बळ माझ्यात उरलेले नसे.

त्या लॅपटॉपवर ती एक खेळ खेळत असे. पाच जणांचा एक संघ दुसऱ्या पाच जणांशी लढतो, असा तो खेळ आहे. खेळाडू आपापल्या गावी बसलेले असतात आणि कानाला हेडफोन लावून एकमेकांशी बोलत असतात. मुलींच्या एका संघात एक जागा रिकामी होणार होती. संघाची कप्तान नागपूरची. तिने माझ्या मुलीचा खेळ पाहिला होता आणि तिला निवडीसाठी बोलावले होते. दसऱ्यानंतरच्या रविवारी तीन सामने खेळवणार आणि त्यावरून एकीला घेणार, असे ठरले होते. दुसरी उमेदवार भोपाळची होती. अडचण एवढीच की लॅपटॉप अर्ध्या तासात तापायचा आणि चित्र अडकायचे.

हे सगळे तिने मला एका संध्याकाळी सांगितले, तेव्हा मी चपला काढत होतो.

"बाबा, मला एक डेस्कटॉप पाहिजे. गेमिंगवाला."

"तयार केवढ्याला मिळतो?"

"तयार नाही घ्यायचा. तयार घेतला तर बजेटच्या बाहेर जाईल. पार्ट्स घेऊन आपण जोडू. तुम्ही आणि मी."

परत आल्यापासून तिने 'आपण' हा शब्द माझ्याबाबतीत पहिल्यांदा वापरला होता. मी एक चप्पल हातात घेऊन उभा राहिलो. स्वयंपाकघरातून माझी पत्नी म्हणाली, "अहो, हो म्हणा की. दर वर्षी दुसऱ्यांच्या मुलांना विज्ञान मेळ्याचं मॉडेल करून देता."

मी हो म्हणालो.

ज्यांनी हे काम केलेले नाही, त्यांच्यासाठी थोडे सांगायला हवे. अशा संगणकाचे मुख्य भाग सात-आठच असतात. हिशेब करणारा प्रोसेसर, सर्व भागांना एकत्र धरणारा मदरबोर्ड, तात्पुरत्या स्मरणासाठी रॅम, कायमच्या साठवणीसाठी एसएसडी, विजेचा दाब योग्य करून देणारा एसएमपीएस, हे सगळे ज्यात बसते ते कॅबिनेट, आणि खेळासाठी सर्वांत महत्त्वाचे, चित्र तयार करणारे ग्राफिक्स कार्ड. पैसे बेताचे असतील तर कुठे हात आखडायचा हे आधी ठरवावे लागते. कॅबिनेट साधे चालते, मॉनिटर जुना चालतो, पण एसएमपीएसमध्ये कंजुषी करू नये, कारण तो बिघडला तर एकटा बिघडत नाही.

शहराच्या इंदरगंज भागातल्या एका दुकानात आम्ही चौकशीला गेलो. दुकानदाराने काचेचे, आत सात रंगांचे दिवे फिरणारे कॅबिनेट पुढे केले.

"सर, आजकल सब यही ले रहे हैं. लाइटिंग देखिए."

मुलगी म्हणाली, "भैया, बारात नहीं निकालनी है. सादा दिखाओ."

मला हसू आले. तीही हसली. परत येताना स्कूटरवर मागे बसून ती मला बराच वेळ काही समजावत होती. वाऱ्यामुळे निम्मे ऐकू आले नाही, तरी मी मान हलवत राहिलो.

एका गोष्टीवर आमचा मतभेद झाला. काही प्रोसेसरांमध्ये चित्र दाखवण्याची थोडी क्षमता अंगचीच असते. असा प्रोसेसर जरा महाग पडत होता. वेगळे कार्ड घेणारच आहोत, मग एकाच कामासाठी दोनदा खर्च कशाला, असे माझे म्हणणे होते. ती म्हणाली, "कार्ड कधी बंद पडलं तर स्क्रीन काळी नको व्हायला." मी तिचे ऐकले, पण मनातून नव्हे. वाद घालायची ताकद नव्हती म्हणून.

नवे ग्राफिक्स कार्ड आमच्या आवाक्यात नव्हते. मुरार भागात एक गेमिंग कॅफे बंद होत होता. मालक एक-एक सामान विकत होता. तिथे एक वापरलेले कार्ड आहे, हे तिने शोधून काढले. तोपर्यंत पितृपक्ष लागला होता.

इथे आमच्या घरातल्या एका रीतीबद्दल लिहिले पाहिजे. आमचे पूर्वज दख्खनेतून शिंद्यांच्या फौजेबरोबर इकडे आले. लढाया संपून पिढ्या लोटल्या. आता आमच्यात कोणी मास्तर आहे, कोणी बँकेत, कोणी विम्यात. पण काही रीती राहिल्या आहेत. पितृपक्षात नवी वस्तू घरात आणायची नाही. आणि हत्यार, अवजार, यंत्र, जे काही हाती घ्यायचे, ते आधी खंडेनवमीच्या पूजेत मांडायचे आणि दसऱ्याला चालवायचे. मी भौतिकशास्त्राचा शिक्षक आहे. यातले काही मी मानत नाही. मोडतही नाही. मोडायचे म्हटले की नातेवाइकांना उत्तरे द्यावी लागतात, आणि दिवसभर उत्तरे तपासून झाल्यावर घरी आणखी उत्तरे नको वाटतात.

मुलीने पितृपक्षातून वाट काढली. "बाबा, ते कार्ड सेकंडहँड आहे. नवी वस्तू आणायची नाही ना? हे तर जुनंच आहे."

हा युक्तिवाद माझ्या पत्नीला फार आवडला. "वकिलीला घालायला पाहिजे होती," ती म्हणाली, आणि मग माझ्याकडे पाहून गप्प झाली.

आम्ही मुरारला गेलो. कॅफेत खुर्च्या एकावर एक रचल्या होत्या आणि भिंतीवर टेबलांच्या खुणा राहिल्या होत्या. कार्ड चालवून दाखवा, असे मी अर्थातच म्हणालो.

"सर, बिजली कट चुकी है," मालक म्हणाला. "आप ले जाइए. दस दिन की चेकिंग वारंटी देता हूँ. आज ही लगाकर देख लीजिए. नहीं चला तो कार्ड वापस, पैसा वापस."

हे त्याने दोनदा सांगितले आणि पावतीवर लिहूनही दिले. तो माणूस खोटा नव्हता, हे मला इथे नोंदवले पाहिजे.

घरी आल्यावर मुलगी कार्डाचा खोका हातात घेऊन उभी राहिली. तेव्हा आमच्याकडे मदरबोर्ड आणि प्रोसेसर आले होते. रॅम आणि एसएमपीएस यायचे होते.

"बाबा, इंदरगंजच्या दुकानात नेऊन लावून बघू ना. दहा मिनिटांचं काम आहे."

"त्यांच्याकडून घेतलेलं नाही. ते फुकट कशाला तपासतील?"

"पैसे देऊ थोडे."

"सगळं साहित्य येऊ दे. मग एकदमच लावू. अर्धवट जोडणीतून अर्धवटच निष्कर्ष निघतात."

"पण दहा दिवसच आहेत."

"आणि पितृपक्षात यंत्र चालू करायचं नाही. खंडेनवमीला पूजा, दसऱ्याला जोडणी. रविवार त्यानंतरच आहे ना? मग?"

"ठीक आहे," ती म्हणाली आणि खोका लोखंडी कपाटात, माझ्या फायलींच्या वरच्या कप्प्यात ठेवून आली.

दोन दिवसांनी तिने पुन्हा एकदा विचारले. मी तेच उत्तर दिले. तिसऱ्यांदा तिने विचारले नाही.

घटस्थापना झाली. रॅम आली, एसएमपीएस आला. तेव्हाही लावून बघता आले असते. दहा दिवस संपायला अजून एक दिवस होता, हे मी नंतर मोजले. तेव्हा मोजले नाही. खंडेनवमीला पाटावर पणजोबांची तलवार, माझा कंपास आणि स्क्रूड्रायव्हरचा संच, पत्नीचे शिवणयंत्र आणि संगणकाच्या भागांचे सगळे खोके मांडले. पत्नीने प्रत्येकावर हळद-कुंकवाची बोटे ओढली आणि अक्षता वाहिल्या. मुलगी हात जोडून उभी होती. ती हळूच म्हणाली, "तलवारीच्या बाजूला रॅम. कमाल फोटो येईल." तिने फोटो काढून आपल्या संघाला पाठवला आणि त्यांच्या उत्तरांवर हसत बसली.

दसऱ्याला सोने वाटून झाल्यावर आम्ही जोडणीला बसलो. ती दुपार मला अजूनही चांगली आठवते. जेवणाच्या टेबलावर जुनी चादर अंथरली. अंगातली स्थिर वीज जावी म्हणून आधी लोखंडी खिडकीला हात लावायचा, हे मी तिला सांगितले, आणि तिने दर वेळी निमूटपणे हात लावला. प्रोसेसरच्या कोपऱ्यावरचा त्रिकोण मदरबोर्डवरच्या त्रिकोणाशी जुळवायचा. जोर लावायचा नाही, तो आपल्या वजनाने बसतो. त्यावर वाटाण्याएवढी पेस्ट आणि वर पंखा. रॅमच्या पट्ट्या दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत. मी पुस्तिका मोठ्याने वाचायचो आणि ती करायची. कॅबिनेटच्या बटणाच्या बारीक तारा तिने पापणी न हलवता एकेका टोकावर बसवल्या. माझे हात आता तेवढे स्थिर राहत नाहीत. शेवटी कार्ड खाचेत बसवले, त्याची वेगळी वीजतार जोडली, आणि मॉनिटरची केबल कार्डालाच लावली. नवशिके ती चुकून मदरबोर्डला लावतात. तशी चूक आम्ही केली नाही.

बटण तिने दाबले. पंखे फिरले. कार्डाचे पंखे एक गिरकी घेऊन थांबले. पडदा काळाच राहिला.

अशा वेळी एका वेळी एकच गोष्ट बदलायची, म्हणजे दोष कशात आहे ते कळते. केबल बदलली. रॅम काढून पुन्हा बसवली. एकच पट्टी ठेवून पाहिली. वीजतार बदलली. दर वेळी पडदा काळा. मग कार्ड काढले आणि केबल मदरबोर्डच्या खाचेला लावली. पडदा उजळला. पत्नीने टाळी वाजवली.

मुलीने वाजवली नाही. तिला कळले होते. तिने कार्ड पुन्हा बसवले, पडदा पुन्हा काळा झाला, आणि ती खुर्चीत मागे टेकून बसली.

"कार्ड डेड आहे, बाबा."

दुसऱ्या दिवशी शाळेतून अर्धी रजा घेऊन आम्ही मुरारला गेलो. कॅफेच्या मालकाने खोका उलटसुलट करून पाहिला. झाकणावर कुंकवाची दोन बोटे होती. उघडल्यावर आतून अक्षतांचे तीन-चार दाणे त्याच्या टेबलावर पडले.

"सर जी, इसकी तो पूजा भी हो गई," तो म्हणाला. त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता, थोडे आश्चर्य होते. "लगाया कब?"

"काल," मी मराठीतच म्हणालो, आणि मग सावरून, "कल."

"मैंने आपसे कहा था, उसी दिन लगा लेना. पावतीवर लिहिलं भी है."

सिंधी, मराठी, पंजाबी, सगळ्यांशी धंदा करून त्याला प्रत्येक भाषेचे चार शब्द येत होते. मी पावती खिशातून काढलीच नाही. त्यात काय लिहिले आहे, हे मला माहीत होते. तरी मी म्हणालो, "बंद तो ये पहले से भी हो सकता है."

"हो सकता है, सर. मैं मना नहीं कर रहा. पर अब कैसे पता चलेगा?"

तोच प्रश्न मी वर्गात विचारला असता. कार्ड आणले तेव्हाच बंद होते, की कपाटात बंद पडले, की आमच्या हातून काही झाले, हे आता कोणत्याही प्रयोगाने सिद्ध होणार नव्हते. ज्या दिवशी सिद्ध होऊ शकत होते, तो दिवस मी जाऊ दिला होता. इंदरगंजच्या एका दुरुस्तीवाल्याने कार्ड त्याच्या मशीनवर लावले, पाच मिनिटांत काढले आणि मान हलवली. नवे कार्ड त्या महिन्यात घेणे शक्य नव्हते, आणि घेतले असते तरी सणाच्या गर्दीत ते रविवारपर्यंत पोचले नसते.

राहिलेले दिवस मुलीने त्याच मशीनवर सराव केला, प्रोसेसरच्या अंगच्या क्षमतेवर. तिने चित्राची सारी सजावट काढून टाकली. सावल्या नाहीत, झाडांना पाने नाहीत, भिंती सपाट. मी चहा घेऊन गेलो तेव्हा मला ते शाळेच्या फळ्यावरच्या आकृतीसारखे दिसले. "असं दिसतं का?" मी विचारले.

"असं दिसत नाही, असं करावं लागतं. नाही तर अटकून राहतं."

पूर्वी मी तिचे हे हिंदीमिश्रित मराठी सुधारत असे. आता सोडून दिले आहे.

रविवारी दुपारी तीनला सामने सुरू झाले. इस्त्री, गिझर, मिक्सर सगळे बंद ठेवायचे, असे पत्नीने सकाळीच जाहीर केले होते. मी बाहेरच्या खोलीत उत्तरपत्रिका घेऊन बसलो, पण एकही तपासली नाही. आतून तिचा आवाज येत होता. तो आवाज मी घरात कधी ऐकला नव्हता. छोटी, नेमकी वाक्ये. "दो आ रहे हैं, लेफ्ट." "रुको. रुको. अब." कोणाला थांबवायचे, कोणाला पुढे पाठवायचे, हे ती सांगत होती आणि दुसऱ्या गावांतल्या मुली तिचे ऐकत होत्या. पहिला सामना त्यांनी जिंकला. दुसऱ्यात, जिथे धूर आणि गोळीबार फार होता तिथे, ती मध्येच म्हणाली, "एक सेकंड, अटक गया." थोड्या वेळाने पुन्हा, "सॉरी, अटक गया." तिसऱ्या सामन्यात हे शब्द मी सहा वेळा ऐकले. मोजायला नको होते, पण सवय आहे.

निकाल मंगळवारी संध्याकाळी आला. ती माझ्या टेबलाशी येऊन उभी राहिली.

"भोपाळवालीला घेतलं."

"तुझ्यापेक्षा चांगली खेळते?"

"नाही. कप्तानच म्हणाली, की कॉल तुझे जास्त बरोबर होते. पण मॅचमध्ये अटकणारी मुलगी कशी घेणार?"

मी चष्मा काढला. "त्याचं असं आहे, की कार्ड मुळातच..."

"बाबा, समजावू नका ना. प्लीज."

लाल पेनचे टोपण मी लावले, काढले, पुन्हा लावले. मग जे होते ते सांगितले.

"नियमबियम काही नव्हता. पितृपक्षही नव्हता. तू दुकानात चला म्हणालीस त्या दिवशी मी थकलो होतो. मला पुन्हा स्कूटर काढायची नव्हती. म्हणून ते सगळं बोललो."

"मला पता होतं," ती म्हणाली.

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले होते. दोनदा." ती थोडी थांबली. "कॉलेजच्या वेळी पण दोनदाच बोलले होते."

आमच्यात तो विषय दोन वर्षांत पहिल्यांदा निघाला होता आणि एका वाक्यात संपलाही. तिने टेबलाच्या कडेवरून बोट फिरवले आणि वेगळ्याच आवाजात म्हणाली, "दुसऱ्या एका संघात जागा निघते आहे. पुढच्या महिन्यात. मी लॅपटॉप विकून टाकते आहे. इंदरगंजच्या दुरुस्तीवाल्याकडे एक कार्ड आलं आहे, जुनं. मी फोन केला होता."

"कधी बघायचं?"

"दुकान आठपर्यंत उघडं असतं."

साडेसहा वाजले होते. चाळीसेक उत्तरपत्रिका राहिल्या होत्या आणि गुडघे सकाळपासून दुखत होते. मी उठून सदरा बदलला.

दुरुस्तीवाल्याचे दुकान म्हणजे जिन्याखालची एक खोली. बसायला एकच स्टूल होते आणि त्यावर तो स्वतः बसला होता. त्याने कार्ड लावले, पडदा उजळला. "लो मैडम, चल गया," असे म्हणून तो ते काढायला लागला, तशी मुलगी म्हणाली, "रहने दो. आधा घंटा लोड डालके चलाओ. मैं देखूँगी."

त्याने माझ्याकडे पाहिले. एका पायावरचा भार दुसऱ्या पायावर घेत मी भिंतीला टेकून उभा राहिलो. कार्डावर ताण येत गेला तसा पंख्यांचा आवाज वाढत गेला. ती पडद्यावर वाढत जाणारा तापमानाचा आकडा बघत होती.

"तुम्ही बाहेर बसा, बाबा. ओट्यावर जागा आहे. अजून वीस मिनिटं लागतील."

"असू दे," मी म्हणालो. "होऊ दे वीस मिनिटं."